पाण्यावर गेलाय

आमच्या घरात 'पाण्यावर गेलाय' या बोलण्याचे दोन अर्थ होते. एक साऱ्या कोळीवाड्याचा, म्हणजे माणूस होडी घेऊन मासे मारायला गेला. दुसरा फक्त आमच्या घरचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं आज ठीक नाही, त्याला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावलीय, तुम्ही चहा घ्या आणि जास्त विचारू नका.

बायकोला जाऊन सात महिने झाले. ती होती तोवर मी हे लिहिलं नसतं. तिला वाचता येत नव्हतं, पण कुणीतरी वाचून दाखवलं असतं. मी शाळेत चार इयत्ता गेलो, त्यातलं शेवटचं वर्ष तर जाळ्यातच गेलं. तेव्हा चुकलंमाकलं तर ज्याचं त्यानं सुधारून घ्यावं. जे घडलं ते मात्र नीट सांगतो.

माझा भाऊ, आम्ही त्याला दादूस म्हणायचो, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बाप लवकर गेला, म्हणून विसाव्या वर्षी दादूस आमच्या होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, झाला. रेवदंड्याला खाडी समुद्राला मिळते तिथं पाणी एका जागी सरळ वाहत नाही, पण त्याला ते हाताच्या रेघांसारखं पाठ होतं. बाकीच्यांना जिथं चार पाट्या बोंबील मिळायचे तिथं आम्हाला सहा. गावात त्याला मान होता.

एका चैत्रात, समुद्र परातीसारखा सपाट असताना, दादूस जाळ्याचा दोर ओढता ओढता थांबला. होडीच्या फळीला कान लावून बसला. मग म्हणाला, "खालनं कोण हाक मारतंय."

आमचा म्हातारा खलाशी बोलला, "बोंबील असतील, तांडेल. सोडा आमाला, म्हणत असतील."

आम्ही हसलो. दादूसपण हसला. मग त्यानं कोयती घेतली आणि दोर कापून टाकला. जाळं गेलं खाली. "आता न्हाय बोलणार," तो म्हणाला आणि वल्ह्यावर बसला. घरी येईपर्यंत तो खुशीत होता. मला त्या खुशीची जास्त भीती वाटली.

त्याचं लग्न ठरलेलं होतं. खलाशानं गावात सांगितलं, गावानं खाडीपलीकडं सांगितलं आणि पंधरा दिवसांत पोरीच्या बापाचा निरोप आला की आमचा विचार बदलला. आमच्या आईनं यातून एकच धडा घेतला. दादूसचं दुखणं काय आहे ते तिला कळलं नाही, आम्हाला कुणालाच कळलं नाही, पण ते बाहेर कळता कामा नये हे तिला पक्कं कळलं. माझं लग्न व्हायचं होतं, माझ्या मागं धाकटी बहीण होती. त्या दिवसापासून कुणी परका उंबऱ्यावर आला आणि थोरला कुठं म्हणाला की आई सांगायची, पाण्यावर गेलाय. कोळीवाड्यातली माणसं ओळखून होती. पण तीही तसंच बोलायची. कधी कधी, होड्या भरतीबरोबर परत आलेल्या असताना, आमच्याकडं बघून हसत, "आज भरतीला पण पाण्यावरच का रं?" असं.

उपाय केले नाहीत असं नाही. चौलच्या बाजूचा एक भगत आणला. त्यानं लिंबू कापलं, कोंबडं घेतलं, आणि ओल्या वेतानं दादूसच्या पाठीवर एवढं मारलं की मीच त्याचा हात धरला. दादूस ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "हा खालच्याला न्हाय, मलाच मारतोय." अलिबागला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, हे बाहेरचं काही नाही, मेंदूचं दुखणं आहे, सरकारचं वेगळं इस्पितळ असतं तिथं ठेवा. आई म्हणाली, तिथं ठेवला की त्याला कागदावर वेडा म्हणून लिवतील, मग माझ्या पोरीला कोण करील? आम्ही परत आलो. मी काही बोललो नाही. न बोलणं तेव्हापासूनच माझ्या अंगवळणी पडलं असावं.

तर आम्हाला दोन कामं होती. त्याला पाण्यापासून लांब ठेवायचं, आणि लोकांच्या नजरेपासून लांब ठेवायचं. एकाच दाराला एकच कडी, आणि तिच्यात ही दोन्ही कामं.

पाण्यापासून का, तेही सांगतो. बरा असला की तो आमच्यासारखाच. भाकरी खायचा, जाळं विणायचा, बहिणीची मस्करी करायचा. बिघडायच्या आधी एक खूण व्हायची. आमच्याकडं मागच्या, खाडीकडच्या दाराशी पाण्याचा पितळी तांब्या असतो, बाहेरून आलेल्यानं पाय धुऊन आत यायचं. दादूस घरातून बाहेर जाताना पाय धुवायचा. टाचा, बोटांच्या मधल्या जागा, नीट घासून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा बहीण हसून म्हणाली, "दादूस, उलटं करतोस रं." तो म्हणाला, "दुसऱ्याच्या घरात जायाचं, तर पाय धुऊन जाया नको?" आणि ओहोटी लागलेल्या खाडीकडं चालू लागला. कपड्यांसकट छातीएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला. मी ओढून आणला. त्यानंतर ओहोटी लागायच्या वेळेला आमच्या घरात कुणी ना कुणी तांब्याकडं बघत असायचं.

कडी लावली की तो दार ठोकायचा. जोरात नाही. होडीच्या फटी बुजवताना ठोकतात तसं, हळू, एकसारखं, तासन् तास. शेजारीण विचारायची काय चाललंय. आई सांगायची, होडीचं काम.

माझं लग्न याच बोलण्यावर झालं. सासऱ्यांनी विचारलं थोरले दिसत नाहीत, आईनं सांगितलं पाण्यावर. माझ्या बायकोचं गाव खाडीच्या वरच्या अंगाचं. पंधरा वर्षांची असेल. तीन दिवस ती थोरल्या दिराच्या नावाची भाकरी काढून झाकून ठेवत होती. चौथ्या दिवशी मला परसात गाठून म्हणाली, "कंच्या होडीवर हायती थोरले? भाकऱ्या वाळून चालल्या."

तेवढ्यात आतून ठोकणं सुरू झालं. त्या दिवसांत तिला वाटत होतं की ते खरंच होडीचं काम आहे. मी सांगितलं काय ते. मला वाटलं, आता ही माहेरी जाणार. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. मग विचारलं, "जेवतात का?"

मी म्हटलं, आई देते ते खातो.

"गरम की गार?"

मला माहीत नव्हतं. पाच वर्षांत मी बघितलं नव्हतं.

त्या काळी सून थोरल्या दिराशी बोलत नसे, तोंडपण दाखवत नसे. तिनं ती रीत मोडली नाही, पण वाट काढली. वाळवायच्या बोंबलांची पाटी परसात आणून ठेवायची, दादूसच्या खोलीची कडी काढायची, आणि पदर ओढून पाटीकडं बघत पाटीशीच बोलायची. "ही पाटी दुपारपर्यंत रिकामी व्हाया पायजे." बोंबील वाळवायचे तर दोघांची तोंडं एकमेकांत अडकवून जोडी करतात आणि ती बांबूच्या आडव्या काठीवर टाकतात. दादूसचा या कामात हात धरणारा कुणी नव्हता. तो दारातून पाटीकडं बघायचा, मग येऊन बसायचा. थोड्या वेळानं म्हणायचा, "पाटीला सांग, बोंबील बारीक हायत." ती पाटीला म्हणायची, "बारीक असले तर जरा जास्त घालावे लागतील." असं दोघं पाटीशी भांडायची. आईला हसू आवरत नसे, आणि आमच्या आईला हसताना मी फार थोड्या वेळा बघितलं आहे.

वाईट दिवशी तो जोड्या सोडवायचा. म्हणायचा, ह्यांचा दम कोंडलाय. ती त्याच्या समोर बसून तिच्या बाजूनं परत जोड्या करायची. तो सोडवी, ही अडकवी. दमला की आपोआप आत जायचा. कडी लागायची ती फक्त ओहोटीच्या वेळेला. असं दीड वर्ष चाललं. ठोकणं जवळजवळ थांबलं. ती मला म्हणायची, लोकांना खरं सांगून टाकू या. आपलं माणूस आजारी हाय, चोर न्हाय. मी म्हणायचो, बहिणीचं होऊ दे.

बहिणीला बघायला माणसं आली तो दिवस पुनवेच्या दुसऱ्या दिवसाचा. म्हणजे भरती दुपारी पाऊणला भरली, आणि पाहुणे आले तेव्हा ओहोटी लागून तास झाला होता. पुनवेची ओहोटी खाडीला समुद्राकडं कशी ओढते ते ज्यानं बघितलं आहे त्याला सांगायला नको. इतर दिवशी त्या वेळी कडी लागली असती. पण कडी लावली तर तो ठोकणार, आणि पाहुणे भिंतीपलीकडं बसलेले. आईनं ठरवलं, कडी नको. त्याला परसात बोंबलांशी बसवा, सून बसेल जवळ. मी हो म्हटलं. बायको म्हणाली, आज ओहोटी मोठी हाय. आई म्हणाली, तास दीड तासाचा तर प्रश्न हाय.

चौघेजण आले होते. मुलाचा बाप गमत्या माणूस होता. बहिणीला म्हणाला, "आमच्याकडं मासं लई, पण कुणी रांधाया न्हाय. माझी घरवाली रांधते ते मांजरपण हुंगून जातं." सगळे हसले. मग त्यानं विचारलं, थोरले दिसत न्हाईत?

"पाण्यावर गेलाय," आई म्हणाली.

"बरोबर हाय. असं उधाण सोडून कोण घरी बसेल?"

मग तो म्हणाला, तुमची सून कुठं, तिच्या हातचा चहा घेऊ. आईनं हाक मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा. बायको आली, चहा ठेवला, वाकून नमस्कार केला. त्यांनी तिला माहेर कुठलं, कुणाची कोण, असं विचारायला घेतलं. ती एका एका शब्दात उत्तरं देत होती आणि पाय परसाकडं वळवत होती. फार वेळ नाही झाला. चहा निवला नसेल एवढाच.

ती आत गेली आणि लगेच परत आली. मधल्या दारात उभी राहिली. पदर ओढलेला, म्हणून तिचा चेहरा दिसला नाही. मला तिचे हात दिसले. हातात दाराशी असतो तो पितळी तांब्या होता. रिकामा. बाहेरून ओला होता, त्याचं पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं.

ती म्हणाली, "थोरले पाण्यावर गेले."

मुलाचा बाप हसला. "व्हय गं पोरी, मगाशीच सांगितलं तुझ्या सासूनं. दोघी मिळून एकच बातमी किती येळा सांगाल?"

पाहुणे परत हसले. ती तशीच उभी. दुसरं काय बोलणार होती ती? आमच्या घरात त्याला दुसरा शब्दच ठेवला नव्हता आम्ही. तिनं तांब्या थोडा वर धरला, माझ्याकडं.

आई म्हणाली, "बरं, बरं. जा आत, चुलीकडं बघ."

ती गेली. मी बसून राहिलो. सुपारीचं तबक मधे होतं, मुलाचा बाप आपल्या गावच्या मचव्याची गोष्ट सांगत होता, की तो मुंबईला कौलं घेऊन गेला आणि येताना कसा रिकामा आला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. मी मधे हसलोपण. मग सुपारी फुटली, विडे झाले. मग मी म्हणालो, जरा परसात जाऊन येतो.

परसात पाटी रिकामी होती. सगळ्या जोड्या काठीवर ओळीनं टाकलेल्या, एकही सोडवलेली नाही. मागच्या दाराच्या दगडावर पाणी सांडलेलं होतं. मी धावत खाडीवर गेलो. बायको गळ्याएवढ्या पाण्यात उभी होती, ओढ तिला हलवत होती, आणि खाडीत ती सोडून कुणी नव्हतं. मी तिला ओढून काठावर आणलं. तिचे दात वाजत होते. मग तिनं मला सांगितलं. ती पोहोचली तेव्हा तो कमरेएवढ्या पाण्यात होता. तिनं जन्मात पहिल्यांदा त्याला सरळ हाक मारली, "दादा, मागं फिरा." तो वळला. रागावला नव्हता, घाबरला नव्हता. म्हणाला, "पाटी झाली. आयला सांग." आणि पुढं गेला. तिला पोहता येत नव्हतं. मला येत होतं.

होड्या घातल्या, शोधलं. दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला तो किल्ल्याच्या तटाखाली सापडला.

पाहुणे भेटायला आले. तांडेल होता, उधाणाच्या पाण्यावर गेला आणि पाण्यातच राहिला, असं सगळीकडं झालं. मुलाचा बाप माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कोळ्याचं मरण मिळालं त्याला." मी मान हलवली. सुतक संपल्यावर लग्न लागलं. बहीण चांगल्या घरी पडली, तिला कधी कशाचा त्रास झाला नाही.

कोळीवाड्याला मात्र खरं कारण हवं होतं, ते आईनं दिलं. म्हणाली, सुनेचं लक्ष न्हवतं. विहिरीवर, बाजारात, बायका माझ्या बायकोकडं बघून गप्प व्हायच्या. तिनं कधी उलटून सांगितलं नाही की मला हाक मारून कुणी आत बोलावलं होतं. मीपण सांगितलं नाही. त्या दिवसानंतर तिनं 'पाण्यावर' हा शब्द तोंडातून काढला नाही. मी होडीवर गेलो की कुणी विचारलं तर सांगायची, होडी घेऊन गेले, दोन माणसं बरोबर हायत, अमुक वेळेला येतील. बायका हसायच्या, काय मामलेदाराला जबाब देते का.

मला कळलं होतं. हे लिहायला मी बसलो ते एवढ्यासाठी. तांब्या बघितल्याबरोबर कळलं होतं. उठलो असतो तर पाहुण्यांना कळलं असतं. मी मनाशी म्हटलं, आधी छातीएवढ्या पाण्यात उभा राहतो, वेळ असतो. तेवढा वेळ मी बहिणीच्या सुपारीला दिला. आईला कळलं होतं का, ते मी तिला विचारलं नाही. तिनं मला विचारलं नाही. ती मरेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी त्या दिवसाविषयी बोललो नाही, यावरून काय समजायचं ते समजा.

बायको शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा एका सकाळी मी तिला पेज भरवत होतो. तिनं तोंड फिरवलं. म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी मी तांब्या घेऊन दारात आले, तुमाला कळलं न्हवतं ना?"

एवढी वर्षं तिनं हे पोटात ठेवलं होतं. मी पेजेचा चमचा वाटीत ठेवला. खरं बोलायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती, आणि ते मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "न्हाय."

तिनं तोंड परत माझ्याकडं फिरवलं. मग म्हणाली, "मग माझंच सांगायचं चुकलं." आणि पेज प्यायली. नऊ दिवसांनी गेली.

तांब्या अजून आमच्या दाराशीच असतो. असायचा. गेल्या महिन्यात दुपारचा मी खाडीकडं निघालो, आणि दगडावर उभा राहून पाय धुतले. टाचा घासल्या. मागं बघितलं तर माझी सून, मुलाची बायको, दारात. तिनं विचारलं, "बाबा, बाहेर जाताना?" मी म्हटलं, चिखल लागला होता. परसात चिखल नव्हता. ती माझ्या पायांकडं बघत राहिली.

तेव्हापासून ती तांब्या आत, चुलीजवळ ठेवते. मी तिला या घरातलं काही सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं, सगळं, लिहिलंय तसंच. आणि एक बजावून ठेवलं आहे. मी दिसलो नाही आणि तुझा नवरा चार माणसांत बसलेला असला, तरी दारात उभी राहून कोड्यात बोलू नकोस. सगळ्यांसमोर मोठ्यानं सांग, म्हातारा खाडीकडं गेलाय, उठा.